एकाच धावपटूवरून प्रशिक्षणाचा परिणाम सिद्ध करता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी ॲथलेटिक्स शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांनी आपल्या १६ वर्षांच्या ८०० मीटर धावपटूच्या सरावात सहा आठवडे प्लायोमेट्रिक उड्या, म्हणजे पाय टेकताच झटकन परत उसळायच्या उड्या, घातल्या. तिची वेळ २ मिनिटं १८ सेकंदांवरून २ मिनिटं १४ सेकंदांवर आली. जागेवरून उभ्या उडीची उंचीही वाढली. सहकारी म्हणतात, एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. निदान ३० मुली घ्या, दोन गट करा, मग बोला. यांच्याकडे त्या तयारीच्या मुली आहेत चार. अशा वेळी एकेका खेळाडूच्या प्रशिक्षणाचं आणि चाचण्यांचं मूल्यमापन शास्त्रीय पद्धतीनं करता येतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एका मुलीच्या दोन आकड्यांवरून खरंच काही सिद्ध होत नाही. पण त्याच मुलीच्या चाळीस आकड्यांवरून होऊ शकतं. अट एवढीच, की ते आकडे कधी घ्यायचे आणि सराव नेमका कधी बदलायचा हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. एकल-व्यक्ती संशोधनाचा, म्हणजे एकाच व्यक्तीला पुन्हा पुन्हा मोजून केलेल्या संशोधनाचा, सगळा डोलारा या अटीवर उभा आहे. खेळाडूंच्या शारीरिक तयारीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आणि या पद्धतीइतकं उपयोगी हत्यार मला दुसरं सापडलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गटाचा मुद्दा. ३० मुलींचे दोन गट केले तर उत्तर मिळेल ते असं, की या वयाच्या मुलींना उड्यांचा सरासरी फायदा होतो की नाही. तो प्रश्नही महत्त्वाचा आहे, फक्त तो तुमचा नाही. तुम्हाला उद्या सकाळी मैदानावर ठरवायचंय की या मुलीच्या उड्या चालू ठेवायच्या, वाढवायच्या की बंद करायच्या. गटाची सरासरी दोन टक्क्यांनी सुधारली तरी त्यात पाच टक्के सुधारलेली मुलगी असते, तशी मागे गेलेलीही असते. तुमची मुलगी त्यातली कुठली, हे सरासरी सांगत नाही. आणि उलटही खरं आहे. गटातल्या एखादीची ‘आधी’ आणि ‘नंतर’ची वेळ बघून हिला फायदा झाला, हिला नाही, अशा याद्या करतात, त्याही बहुतेक वेळा चुकीच्या असतात. एकदाच मोजलेल्या फरकात चाचणीची रोजची वरखाली मिसळलेली असते. ग्रेग ॲटकिन्सन आणि ॲलन बॅटरहॅम यांनी २०१५ मध्ये हा मुद्दा फार स्पष्ट मांडला, तरी आजही ‘या खेळाडूला हा व्यायाम लागू पडतो’ असं दोन आकड्यांवरून बिनदिक्कत म्हटलं जातं.

एका व्यक्तीवरचं संशोधन म्हणजे कच्चं संशोधन, ही समजूत मात्र सोडून द्यावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेतून ही परंपरा आली. मरे सिडमन यांनी १९६० मध्ये तिची पद्धत नीट बांधून दिली आणि १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी ती प्रयोगशाळेबाहेर, शाळा आणि दवाखान्यांत कशी वापरायची ते सांगितलं. वैद्यकशास्त्रात कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट यांच्या चमूनं १९८६ मध्ये एकेका रुग्णावर औषध आणि खोटं औषध आलटून पालटून देण्याच्या चाचण्या मांडल्या. कुठल्या प्रकारच्या अभ्यासाला किती वजन द्यायचं हे सांगणाऱ्या ऑक्सफर्डच्या २०११ च्या प्रतवारीत उपचाराच्या फायद्यासाठी अशा एक-रुग्ण चाचण्यांना सगळ्यात वरच्या पायरीवर जागा आहे. हे सहकाऱ्यांना जरूर सांगा.

खेळातही हे नवं नाही. मॅकेन्झी आणि रशॉल यांनी १९७४ मध्ये जलतरणपटूंवर काम केलं. कोण आलं, कोण उशिरा आलं हे मुलांनी स्वतः सगळ्यांसमोर फळ्यावर लिहायचं, एवढाच बदल. तो लागू केला, मागे घेतला, पुन्हा लागू केला आणि हजेरी त्याप्रमाणे हलली. १९७७ मध्ये कोमाकी आणि बार्नेट यांनी ९-१० वर्षांच्या मुलांच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या पाच खेळाडूंवर काम केलं. तीन डावपेच निवडले, प्रत्येकाचे छोटे टप्पे पाडले आणि सरावात टप्प्याटप्प्यावर मुलांना काय बरोबर झालं, काय चुकलं ते सांगायला सुरुवात केली. पण तिन्ही डावपेचांना एकदम नाही. आधी पहिल्याला, काही दिवसांनी दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. प्रत्येक डावपेच त्याची पाळी आल्यावरच सुधारला. अचूकता ६० टक्क्यांच्या आसपास होती ती ८० च्या आसपास गेली. पाच मुलं, तुलनेसाठी वेगळा, न शिकवलेला गट नाही, तरी सुधारणा शिकवण्यामुळेच झाली यावर शंका घ्यायला जागा उरत नाही. तुमच्या चार मुलींसाठी मी पुढे जे सुचवणार आहे त्याचं मूळ हेच.

आता तुमच्या हातातल्या आकड्यांकडे येऊ. २:१८ चे २:१४ झाले, यात उड्यांशिवाय काय काय असू शकतं? पहिली शर्यत मातीच्या ट्रॅकवर आणि दुसरी सिंथेटिकवर झाली असेल. पहिली मे महिन्याच्या उन्हात, दुसरी पावसाळ्यानंतरच्या गार सकाळी. पहिलीत ती एकटीच पुढे धावत होती, दुसरीत तिच्यापुढे २:१० ची मुलगी होती. सहा आठवड्यांत उड्यांबरोबर बाकीचा सरावही चालूच होता. आणि एक कारण हमखास विसरलं जातं: आपण नवा व्यायाम बहुतेक वेळा एखादी वाईट शर्यत झाल्यावर सुरू करतो. वाईट दिवसानंतरचा दिवस बरा निघण्याची शक्यता तशीच जास्त असते, मग मध्ये काहीही करा. मुलगी सुधारली असेल, आणि मला ती सुधारली याचा आनंदच आहे. पण कशानं सुधारली, हे या दोन आकड्यांत लिहिलेलं नाही.

म्हणून पहिलं काम चाचणीचं. खेळाडूला मोजण्याआधी तुमची चाचणी स्वतः किती हलते ते मोजा. मुलीला काहीही नवीन न देता एकाच आठवड्यात दोनदा तीच चाचणी घ्या. असं तुमच्या चारही मुलींवर आणि जमेल तर आणखी काही मुलींवर करा. प्रत्येकीच्या दोन दिवसांमधला फरक काढा, त्या फरकांचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) काढा आणि त्याला दोनाच्या वर्गमुळानं, म्हणजे १.४१ नं भागा. आला तो आकडा तुमच्या चाचणीची नेहमीची चूक. क्रीडाशास्त्रात विल हॉपकिन्स यांनी २००० साली या आकड्याचा आग्रह धरला आणि तेव्हापासून तो रुळला आहे.

समजा उभ्या उडीसाठी ही चूक १.२ सेंटिमीटर आली. मग एकदा आधी आणि एकदा नंतर मोजून फरक खरा म्हणायचा तर तो या चुकीच्या २.७७ पट, म्हणजे ३.३ सेंटिमीटर तरी हवा. ३२ सेंटिमीटर उडी मारणाऱ्या मुलीसाठी ही दहा टक्क्यांची वाढ झाली, आणि सहा आठवड्यांत तेवढी अपेक्षा धरणं धाडसाचं आहे. पण तीच उडी आधीचे सहा दिवस आणि नंतरचे सहा दिवस मोजून सरासऱ्यांची तुलना केली, तर साधारण १.४ सेंटिमीटरचा फरकही विश्वासानं सांगता येतो. यंत्र तेच, मुलगी तीच. फक्त मोजण्याचे दिवस वाढवले. म्हणूनच मी प्रत्येक प्रशिक्षकाला सांगतो की महागड्या उपकरणाआधी वेळापत्रक घ्या.

उपकरणाबद्दलही बोलू, कारण तुम्ही मोबाइलवर उडी मोजता असं लिहिलंय. पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतच्या वेळेवरून उंची काढायची ही पद्धत उत्तम आहे. वेळेचा वर्ग करायचा, ९.८१ नं गुणायचं आणि ८ नं भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. पण व्हिडिओ सेकंदाला किती चित्रांचा आहे हे बघा. साध्या ३० चित्रांच्या व्हिडिओत एका चित्राची चूक झाली तर ३२ सेंटिमीटरच्या उडीत चार सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे ती मोजणी निकालात काढलेली बरी. स्लो मोशनमध्ये २४० चित्रांवर तीच चूक अर्ध्या सेंटिमीटरवर येते. बहुतेक नव्या फोनमध्ये ही सोय असते. मुलीनं हात कमरेवर ठेवले पाहिजेत आणि गुडघे वाकवून खाली यायचं नाही, जशी वर गेली तसेच पाय ताठ ठेवून टेकायचं. नाहीतर हवेतला वेळ फुकट वाढतो आणि मुली हे फार लवकर शिकतात.

३० मीटरची धाव हातघड्याळावर घेत असाल तर मी ती या कामातून काढून टाकीन. हातघड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा कमी येते. १०० मीटरच्या वेळा जुळवताना ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात त्यामुळेच पडला. त्याहून वाईट म्हणजे ती चूक रोज सारखी नसते. बोट कधी लवकर दाबलं जातं, कधी उशिरा, आणि आपल्याला ज्या दिवशी सुधारणा हवी असते त्या दिवशी नेमकं लवकर. ३० मीटरमध्ये उड्यांनी जो फायदा होईल तो या चुकीत बुडून जाईल.

मोजणाऱ्याच्या मनाचा हा ओढा उडीच्या व्हिडिओतही असतोच. त्यावर उपाय सोपा आहे. सगळे व्हिडिओ तारीख न दाखवता, क्रम मिसळून, दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. निदान प्रत्येक टप्प्यातले २० टक्के व्हिडिओ दोघांनी स्वतंत्रपणे वाचावेत आणि दोघांचे आकडे किती जुळतात ते लिहून ठेवावं. शैक्षणिक संशोधनाच्या परीक्षणासाठी अमेरिकेत २०१० मध्ये एकल-व्यक्ती अभ्यासांचे जे निकष ठरले, त्यांतही हीच २० टक्क्यांची मर्यादा आहे. मला हा निकष बाकी सगळ्या आकडेमोडीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कारण आकडेमोड नंतर पुन्हा करता येते, पण चुकीचा वाचलेला व्हिडिओ पुसून टाकला की संपलं.

८०० मीटरची शर्यत आठवड्यातून दोनदा पळवता येणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे वारंवार मोजता येईल आणि ८०० मीटरशी नातं असेल अशी चाचणी शोधावी लागते. उभी उडी एक झाली. दुसरी म्हणून मी घोट्यातल्या सलग उड्या घेईन: गुडघे फारसे न वाकवता दहा उड्या, आणि जमिनीला पाय किती कमी वेळ टेकतो व हवेत किती जास्त राहतो ते बघायचं. धावताना प्रत्येक पावलाला घोटा आणि टाचेची शीर स्प्रिंगसारखी काम करते, आणि या उड्यांचा परिणाम होणार असेल तर तो तिथे आधी दिसेल. तिसरी चाचणी म्हणजे ठरलेल्या वेगानं पाच मिनिटं धावून शेवटच्या मिनिटातले हृदयाचे ठोके. शर्यतीच्या वेळा त्याच आलेखावर वेगळ्या खुणेनं मांडा, पण निकाल त्यांच्यावर सोडू नका. आणि उडी वाढली म्हणजे ८०० मीटर सुधारलंच असंही धरू नका. ते स्वतंत्रपणे दाखवावं लागेल.

आता आराखडा. सगळ्यात साधा म्हणजे आधी काही आठवडे नेहमीचा सराव, मग बदल. याला अ-ब म्हणतात. तुम्ही केलं ते एवढंच, तेही प्रत्येक टप्प्यात एकेक आकडा घेऊन. यात अडचण अशी की बदलाच्याच दिवशी दुसरं काही घडलं तर ते वेगळं काढता येत नाही. म्हणून पुढची पायरी: बदल मागे घ्यायचा, पुन्हा आणायचा, म्हणजे अ-ब-अ-ब. मॅकेन्झी आणि रशॉल यांच्या कामात हा विचार होता आणि हजेरीसारख्या गोष्टींसाठी तो अगदी योग्य आहे. फळा काढला की हजेरी घसरते, लावला की वाढते. पण ताकद, स्नायू, शिरांचा ताठपणा या गोष्टी उड्या थांबवल्यावर दुसऱ्या दिवशी उतरत नाहीत. आठवडेच्या आठवडे टिकतात. मग तिसऱ्या टप्प्यात आलेख खाली येत नाही आणि उड्यांचा परिणाम झालाच नव्हता असा उलटा निष्कर्ष निघतो. शिवाय चांगला चाललेला व्यायाम हंगामाच्या ऐन मध्ये बंद करा हे कुठल्या प्रशिक्षकाला पटेल? मलाही पटणार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत मुलींचा सराव तसाही सुटतो, तेव्हा उडी मोजत राहायला हरकत नाही, पण त्या काळात उड्यांबरोबर बाकी सगळंच थांबलेलं असतं, म्हणून तो पुरावा धरू नका.

लगेच येणाऱ्या आणि लगेच जाणाऱ्या परिणामांसाठी मात्र आलटून पालटून देण्याचा आराखडा फार चांगला. समजा दोन प्रकारचे वॉर्म-अप आहेत: एक नुसता हळू धावून आणि ताणून, दुसरा त्यात थोड्या जोरदार उड्या घालून. कुठल्या वॉर्म-अपनंतर १५० मीटर जास्त वेगानं जातात ते बघायचंय. १६ दिवस घ्या, दोन-दोन दिवसांच्या आठ जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत पहिल्या दिवशी कुठला वॉर्म-अप ते नाणं उडवून ठरवा. आठही जोड्यांत एकच वॉर्म-अप सरस ठरला, तर निव्वळ योगायोगानं तसं होण्याची शक्यता १२८ मध्ये एक. एका मुलीवर, तीन-चार आठवड्यांत, एवढा भक्कम पुरावा. सर, मला सगळ्यात आश्चर्य याचं वाटतं की हे इतकं सोपं असूनही मैदानावर जवळजवळ कोणीच करत नाही. नाणं मात्र खरंच उडवा. ‘आज ती फ्रेश दिसतेय, आज नवा वॉर्म-अप देऊ’ असं मनानं ठरवलं की सगळं वाया गेलं.

झोपेची वेळ, आठवड्यात धावायचं अंतर, पावलांचा वेग अशा हळूहळू बदलायच्या सवयींसाठी आणखी एक रीत आहे, तिच्यात लक्ष्य पायरीपायरीनं वाढवतात आणि सवय प्रत्येक पायरीवर थांबते का ते बघतात. हार्टमन आणि हॉल यांनी १९७६ मध्ये ती सिगारेट कमी करण्याच्या संदर्भात मांडली होती. तुमच्या प्रश्नाला ती लागू नाही, म्हणून पुढे जातो.

तुमच्यासाठी योग्य तो कोमाकी-बार्नेट यांच्या धर्तीचा, वेगवेगळ्या वेळी सुरुवात करण्याचा आराखडा. फरक इतकाच की तिथे तीन डावपेच होते, इथे चार मुली. ज्या मुलीवर तुम्ही उड्या आधीच दिल्या आहेत तिला किमान दीड-दोन महिने त्यांच्याशिवाय जाऊ द्या, ते पावसाळ्यात मैदान चिखलाचं असतं तेव्हा आपोआप जमेल. मग २० आठवड्यांचं वेळापत्रक करा. आठवड्यात दोन दिवस चाचणी, म्हणजे प्रत्येकीचे ४० आकडे. पहिल्या मुलीच्या उड्या पाचव्या आठवड्यात सुरू होतील, दुसरीच्या आठव्या, तिसरीच्या अकराव्या, चौथीच्या चौदाव्या. कोण पहिली, कोण चौथी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.

यात गंमत काय आहे पाहा. दिवाळीनंतर थंडी पडली तर ती चौघींवर एकाच आठवड्यात पडेल. ट्रॅक दुरुस्त झाला, स्पर्धा जवळ आली, तर तेही चौघींना एकदमच. पण चौघींचा आलेख आपापल्या आठवड्यानंतरच चढला, आणि ज्यांची पाळी आली नाही त्यांचा तोवर सपाट राहिला, तर थंडीला किंवा स्पर्धेला त्याचं श्रेय देता येत नाही. वर सांगितलेल्या अमेरिकी निकषांत परिणाम किमान तीन वेगवेगळ्या वेळी दिसला पाहिजे अशी अट आहे आणि प्रत्येक टप्प्यात पाच आकडे असावेत अशी अपेक्षा आहे. तुमच्याकडे चार वेळा असतील आणि आकडे भरपूर. चिठ्ठ्यांचा आणखी एक उपयोग: चार मुलींचे क्रम २४ प्रकारे लागू शकतात. प्रत्यक्षात लागलेला क्रम आकड्यांशी सगळ्यात चांगला जुळला तर योगायोगाची शक्यता २४ मध्ये एक, म्हणजे साधारण चार टक्के. तीनच मुली असत्या तर सहात एक झाली असती आणि ती पुरेशी नाही. म्हणून चौथीला वगळू नका.

आणि पुढे कधी एकच मुलगी उरली तर? तेव्हाही सुरुवातीचा दिवस चिठ्ठीनं काढा. आठव्या चाचणीपासून सत्ताविसाव्यापर्यंत कुठेही सुरुवात होऊ शकेल असं ठरवलं तर २० शक्यता होतात आणि योगायोगाची सीमा २० मध्ये एकावर येते. युजीन एजिंग्टन यांनी आयुष्यभर या कल्पनेवर काम केलं. ती वापरायला संगणकही लागत नाही.

दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. पहिले दोन आठवडे सगळ्यांना चाचणीची सवय होऊ द्या आणि ते आकडे मोजणीत धरूच नका, म्हणजे २० आठवडे त्यानंतर सुरू होतील. नवशिकी मुलगी पहिल्या चार-पाच वेळा उडी मारायला शिकत असते आणि तिचा आलेख तसाच चढतो. चढत्या आलेखावर नवा व्यायाम सुरू केला की त्याचं श्रेय विनाकारण व्यायामाला जातं. दुसरं, उड्यांचा परिणाम पहिल्या दिवसापासून दिसत नाही. सुरुवातीला पाय दुखतात आणि उडी थोडी उतरतेही. म्हणून आधीच लिहून ठेवा की प्रत्येकीच्या सुरुवातीनंतरचे दोन आठवडे सोडून पुढचे आकडे तुलनेला घेऊ. हे निकाल बघून मग ठरवायचं नाही. दोन मुलींच्या सुरुवातीत तीन आठवड्यांचं अंतर मी त्यासाठीच ठेवलंय.

तिसरं, बदल एकच असू द्या. उड्या घालताना एकूण सराव वाढला तर उड्यांनी फरक पडला की वाढलेल्या सरावानं, हे कळणार नाही. रोज सरावानंतर मुलीला विचारा की शून्य ते दहामध्ये आजचा सराव किती जड गेला, आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणून वहीत लिहा. उड्या सुरू झाल्यावरही आठवड्याची बेरीज आधीइतकीच राहायला हवी. त्यासाठी दुसरं काहीतरी थोडं कमी करा. प्रत्येकीनं प्रत्येक वेळी पाय किती वेळा टेकवले, म्हणजे प्रत्यक्ष किती उड्या झाल्या, तेही लिहा. कागदावर ८० आणि मैदानावर ५० असं फार वेळा होतं. मासिक पाळीच्या तारखा मुलींनी स्वतःहून द्यायच्या असतील तर घ्या, विचारण्याची जबाबदारी एखाद्या बाईंकडे द्या. चाचणी एकाच वेळी, त्याच बुटांत, त्याच वॉर्म-अपनंतर. दर वेळी तीन उड्या घ्या आणि सर्वोत्तम उडीऐवजी तिन्हींची सरासरी लिहा. ती जास्त स्थिर असते.

आकडे आले की आधी आलेख काढा. चार मुलींचे चार आलेख एकाखाली एक, आठवडे सरळ रेषेत, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला उभी रेघ. ती रेघ पायऱ्यांसारखी खाली उतरत जाईल. मग बघा: रेघेच्या दोन बाजूंना पातळी बदलली का, चढ बदलला का, आकडे किती विखुरले आहेत, किती आकडे दोन्ही बाजूंना सारखेच आहेत, आणि चौघींमध्ये एकच गोष्ट दिसते का. बऱ्याच वेळा इथेच उत्तर मिळतं. नाही मिळालं तर बेसलाइनमधल्या, म्हणजे उड्या सुरू होण्याआधीच्या, प्रत्येक आकड्याची नंतरच्या प्रत्येक आकड्याशी जोडी लावा आणि किती टक्के जोड्यांत नंतरचा आकडा मोठा आहे ते मोजा. ५० टक्के म्हणजे काहीच फरक नाही, १०० म्हणजे पूर्ण वेगळे. जुन्या लिखाणात आणखी एक माप सापडेल, बेसलाइनच्या सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा नंतरचे किती आकडे वर आहेत ते. ते टाळा. बेसलाइनमध्ये एकच असामान्य उडी पडली की ते माप निकामी होतं.

बेसलाइनच्या सरासरीभोवती दोन प्रमाण विचलनांचा पट्टा काढून ‘पट्ट्याबाहेर गेलं म्हणजे फरक’ असं म्हणायची रीतही दिसते. ती मी जपून वापरतो. लागोपाठच्या दिवसांचे आकडे एकमेकांना धरून असतात. मुलगी आज थकलेली असेल तर उद्याही थोडी थकलेलीच असणार. त्यामुळे सुरुवातीच्या थोड्या आकड्यांवरून काढलेला पट्टा खऱ्यापेक्षा अरुंद निघतो आणि नसलेला फरक दिसतो. दोन चाचण्यांमध्ये निदान दोन दिवसांचं अंतर ठेवलं तर हा त्रास कमी होतो. वर मी १.४ सेंटिमीटरचं गणित दिलं, त्यालाही हीच मर्यादा आहे.

फरक खरा आहे हे कळल्यावर तो पुरेसा आहे का, हा वेगळा प्रश्न. वरच्या दर्जाच्या धावपटूंमध्ये एका शर्यतीपासून दुसरीपर्यंत वेळ नैसर्गिकपणे जितकी हलते, त्याच्या साधारण ०.३ पट सुधारणाही निकालावर परिणाम करते, असं हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. अनुभवी धावपटूची वेळ एक टक्क्यानं हलत असेल तर ही सुधारणा २:१६ च्या वेळेत अर्ध्या सेकंदाच्या आतली झाली. तुमच्या वयोगटात वेळा याहून बऱ्याच जास्त हलतात, म्हणून शर्यतींतून एवढी बारीक सुधारणा दिसेल अशी आशा ठेवू नका.

पालकांची लेखी संमती घ्या, कारण मुली अल्पवयीन आहेत. त्यांना सांगा की कोणाचाही व्यायाम रोखलेला नाही, चौघींना तो मिळणार आहे, फक्त सुरुवात वेगवेगळ्या आठवड्यांत होणार आहे. मुलींनाही हे समजावून सांगा. चौथ्या नंबरवाली नाराज होईल. तिच्याशी आधीच बोला.

जिल्हा क्रीडा कार्यालयाला किंवा मदत करणाऱ्या संस्थेला काय दाखवायचं, असंही तुम्ही विचारलंय. सध्याच्या आकड्यांवर एवढंच लिहा: या काळात धावपटूची वेळ चार सेकंदांनी सुधारली, याच काळात सरावात उड्या घातल्या होत्या, त्यांचा वाटा किती हे तपासायचं काम पुढच्या हंगामात करणार आहोत. सोबत २० आठवड्यांचं वेळापत्रक जोडा. हंगाम संपल्यावर चारही आलेख पाठवा, एकही आकडा न गाळता. तिघींचा आलेख चढला आणि चौथीचा नाही, असं झालं तर तिचाही पाठवा. मग तिची वही काढून बघा: तिनं खरंच तेवढ्या उड्या मारल्या का, त्या आठवड्यांत तिचा एकूण सराव वाढला होता का, झोप आणि जेवण कसं होतं. सगळं जागच्या जागी असेल तर तिच्या उड्या बंद करून तो वेळ जड वजनाच्या व्यायामाला द्या, आणि तोही सुरू करण्याआधी तिचे चार आठवडे पुन्हा मोजा.